घरचा कॉम्प्युटर, दोन नातवंडं : कामाची नोंदवही

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. नेरूळ.

परवा, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. आपला डेस्कटॉप २०१५ चा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा. आपला आय-थ्री चौथ्या पिढीचा, म्हणजे तो रस्ता बंद. चिरंजीव म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाकू. मुलांना एखादा टॅब घेऊ."

मी नको म्हटलं. टॅब पांघरुणात जातो, जेवणाच्या ताटाशी येतो, गाडीत बसतो. डेस्कटॉप जिथे मांडला तिथेच राहतो. घरात लहान मुलं असताना त्याचा हाच गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "एक महिना द्या, मी बसवून देतो," म्हटलं.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. शिफ्ट सुटताना लॉगबुक भरल्याशिवाय कधी गेटबाहेर पडलो नाही. हे कामही तसंच नोंदून करणार.

मनू आठ वर्षांची, तिसरीत. ओजू साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. सध्या कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, दाराच्या मागे.

१९ ऑक्टोबर, रविवार

वाशीहून २४० जीबीचा एसएसडी आणि चार जीबी रॅम आणली. जुन्या हार्डडिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढली, उघडून तपासली, मगच नवीन डिस्क लावली. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीन आता अर्ध्या मिनिटात चालू होतं.

चार खाती केली. चिरंजीव आणि सूनबाईचं एक, माझं एक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त हेच), मनूचं आणि ओजूचं साधं. साध्या खात्यातून नवीन सॉफ्टवेअर बसत नाही, घड्याळ मागे-पुढे करता येत नाही. मुलांच्या नावाने ईमेल किंवा कुठल्याही कंपनीचं खातं काढलेलं नाही, काढणारही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती घ्यायला सांगितली आहे. कायद्याचं काम कायदा करील. खातंच नसेल तर माहिती द्यायचा प्रश्नच उरत नाही.

२० ते २६ ऑक्टोबर. फक्त मोजमाप.

हा आठवडा काहीही बदलायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं. लूप (नियंत्रणाची साखळी) हाताळण्याआधी आहे ती स्थिती मोजायची. वहीत पाच रकाने आखले: कोण बसलं, कधी बसलं, कधी उठलं, काय केलं, कसं उठलं.

दिवाळीची सुट्टी असल्यामुळे आकडे नेहमीपेक्षा जास्त. मनू सरासरी दोन तास दहा मिनिटं, ओजू पन्नास मिनिटं. भाऊबीजेला, २३ तारखेला, दोघांचंही शून्य. मामाची मुलं आली होती आणि खाली आवारात किल्ला चालला होता. पोरं माती कालवत होती, कॉम्प्युटरची आठवणही कोणी काढली नाही.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सची शिफारस अशी: दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाइलही धरायचे. म्हणजे टीव्हीची मालिका आणि आईच्या फोनवरची गाणी मिळवली तर आपण दोघांच्याही बाबतीत रेषेच्या वर आहोत.

१ नोव्हेंबर, शनिवार

टाइमकेपीआर-नेक्स्ट बसवलं. लिनक्ससाठी मोफत मिळतं. मागे चालू राहून प्रत्येक खात्याची मिनिटं मोजतं. रोजची मर्यादा, कोणत्या तासांत बसता येईल, आठवड्याची बेरीज, सगळं वेगवेगळं ठरवता येतं. किती वेळ उरला ते मुलाला खाली कोपऱ्यात दिसतं.

मनूला साठ मिनिटं, साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. ओजूला वीस मिनिटं, तीही आजीच्या मांडीवर बसून. त्याच्यासाठी जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या खेळांचा संच आहे, त्यात माउस फिरवून चौकोन पुसले की खालचं चित्र उघडतं. मनूसाठी टक्सपेंट, चित्रं काढायला.

२ नोव्हेंबर, रविवार

वाईट दिवस.

तुळशीच्या लग्नाचे दिवस म्हणून मनू टक्सपेंटमध्ये वृंदावन काढत होती. बाजूला ऊस, खाली बोरं-आवळे, वृंदावनावर स्वस्तिक. चाळीस मिनिटं मान वर केली नव्हती. साठ मिनिटं पूर्ण झाली आणि खातं बंद पडलं. चित्र जतन केलेलं नव्हतं. गेलं.

ती रडली, पण नेहमीसारखी हट्टाने नाही. नुसती बसून राहिली काळ्या स्क्रीनकडे बघत. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझी तुळस पुसलीत."

ही माझ्या कामातली चूक आहे. मुदत संपल्यावर काय करायचं या जागी मी 'सेशन समाप्त' ठेवलं होतं, कारण ते आधीपासून तसंच होतं. तपासायला हवं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

रात्री वही पुन्हा काढली. मागच्या आठवड्यात मी फक्त मिनिटांची बेरीज केली होती. पाचवा रकाना, 'कसं उठलं', नुसता भरला होता, वाचला नव्हता.

आज वाचला. आठवड्यात दोघं मिळून सतरा वेळा उठली. त्यात अकरा वेळा रडारड किंवा वाद. त्या अकरांपैकी नऊ वेळा कोणीतरी मधेच येऊन बंद केलं होतं: आंघोळ, पाहुणे, जेवण. उरलेल्या सहा वेळा ती शांतपणे उठली, आणि त्या सहाही वेळा हातातलं काहीतरी पुरं झालेलं होतं. चित्र, कोडं, गोष्ट. त्यातल्या दोन वेळा तर मनू दीड तास बसून हसत उठली होती. उलट ओजू बारा मिनिटांनी आरडाओरडा करत उठला होता.

रडणं वेळ कमी पडला म्हणून नव्हतं. अर्ध्यात हात ओढला जायचा, म्हणून होतं.

हे मला कळायला हवं होतं, कारण एकतीस वर्षं हेच केलं. टाकीची पातळी ९० टक्क्यांवर गेली की पंप ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. पण ८० ला अलार्म वाजतो. मधले दहा टक्के कशासाठी? ऑपरेटरला हात हलवायला वेळ मिळावा म्हणून. अलार्म न देता थेट ट्रिप देणारा प्लांट कोणी चालवायला घेणार नाही. आणि मी आठ वर्षांच्या पोरीला तसा दिला.

दुसरी गोष्ट. पॅनेलवर अलार्म वाजला की ऑपरेटरने बटण दाबून 'कळलं' म्हणावं लागतं. नुसता दिवा लागून भागत नाही. कोपऱ्यातली सूचना मनूच्या डोळ्यांसमोर येऊन गेली असणार, पण चित्रात बुडालेल्या माणसाला ती दिसत नाही.

बदल:

मुदत संपली की खातं बंद होणार नाही, स्क्रीनला फक्त कुलूप लागेल. आतलं काम आहे तसं राहील आणि मी माझ्या खात्यातून पाच मिनिटं वाढवून दिली की पुन्हा उघडेल.

दहा मिनिटं उरली की माणसाने जवळ जाऊन सांगायचं. लांबून, स्वयंपाकघरातून हाक नाही. मनूने "कळलं" म्हणायचं आणि उरलेल्या वेळात काय पुरं करणार तेही सांगायचं. हे सांगणं महत्त्वाचं.

टक्सपेंटमध्ये दर थोड्या वेळाने जतन करायची सवय. तिथे फाइलला नाव द्यावं लागत नाही, नुसतं बटण दाबलं की चित्र वहीत जातं. तिला दाखवलं. तिने तुळस परत काढली नाही. मीही आग्रह केला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला. सिडकोचं घर, हॉल मोठा नाही. दिवाण सरकवला तेव्हा जागा झाली. स्क्रीन भिंतीला पाठ करून, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून आणि दिवाणावरून दोन्हीकडून दिसते.

सूनबाईची अडचण खरी होती. "बाबा, संध्याकाळी माझ्या मीटिंग असतात, मागे कार्टूनचा आवाज येतो." तिने हेडफोन सुचवला. मला तो नको, कारण काय चाललंय ते कानावर पडायला हवं. ओजूच्या कानांनाही नको. शेवटी साडेचार ते साडेसहाऐवजी पाच ते सहा ही वेळ ठरली. त्या वेळात ती आतल्या खोलीत दार लावून बसते. सहाला आजी दिवा लावते. दिवेलागणीला कॉम्प्युटर बंद, मग शुभंकरोति. ओजूला घड्याळ कळत नाही, पण आजी वाती करायला बसली की आता थोडंच उरलं हे त्याला बरोबर कळतं. या घरातला सगळ्यात चांगला अलार्म तोच निघाला. मी बसवलेला नाही, हिचा आहे.

मनूचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. खाली जेवणाचा पाट ठेवला, पाठीशी उशी. वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघायचं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसतात, तेवढं अंतर पुरतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. इंटरनेट.

दोन थर लावले.

पहिला राउटरवर. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बदलून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं. ही क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा, २०२० पासून आहे. अश्लील आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइटचा पत्ता विचारला तर ती देतच नाही. राउटरवर लावल्याने घरातल्या वायफायवरचं सगळं यातून जातं, मोबाइलही. पण मोबाइलचा डेटा चालू केला की हा थर बाजूला पडतो, हे लक्षात ठेवायचं.

दुसरा थर कॉम्प्युटरवर. फायरफॉक्सच्या धोरण-फाइलमध्ये आधी सगळ्या साइट बंद केल्या आणि मग मोजक्या उघडल्या: मराठी विश्वकोश, विकिपीडिया, बालभारतीची पुस्तकं, शाळेची साइट. ब्राउझरने स्वतःचा वेगळा डीएनएस वापरू नये म्हणून तीही सोय बंद करून कुलूप घातलं, नाहीतर पहिला थर वाया.

वाईट ते शोधून बंद करत बसण्यापेक्षा चांगलं ते निवडून उघडायचं, असं मी ठरवलं. वाईटाची यादी कधी पुरी होत नाही. आठ वर्षांच्या मुलीला दहा साइट पुष्कळ झाल्या. ती चौदाची होईल तेव्हा ही पद्धत चालणार नाही, तेव्हा वेगळा विचार.

अडचण: धोरण-फाइल अख्ख्या मशीनला लागते, खात्याप्रमाणे बदलत नाही. चिरंजीवाची बँकही बंद झाली. म्हणून मोठ्यांसाठी दुसरा ब्राउझर ठेवला आणि तो चालवायची परवानगी मुलांच्या खात्यांकडून काढून घेतली.

यूट्यूब मुलांच्या खात्यात नाही. शाळेतून दुवा आला तर मोठ्यांच्या खात्यात, शेजारी बसून, आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करून. पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो तिथे मुलाला 'संपलं' असं कधी दिसतच नाही. मग ते उठणार कशावरून?

२२ नोव्हेंबर, शनिवार

टाइमकेपीआरच्या हिशोबात मनूला गुरुवारी पस्तीस मिनिटं जादा मिळालेली दिसली. मी दिली नव्हती.

तिला विचारलं. लगेच सांगितलं तिने. मी पासवर्ड टाकताना ती शेजारी उभी असते, मी एकेक अक्षर शोधून टाकतो, तिला पाठ झाला होता. तिने माझ्या खात्यात जाऊन वेळ वाढवून घेतली आणि परत आपल्या खात्यात आली.

सूनबाई रागावली. मी तिला थोडं थांब म्हटलं. प्लांटमध्ये कोणी इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र अडवणारी सोय) बायपास केला तर माणसाला मेमो द्यायच्या आधी विचारायचं, की का करावासा वाटला. बहुतेक वेळा इंटरलॉक चुकीच्या जागी लावलेला असतो.

परिसर अभ्यासासाठी पक्ष्यांचं चित्र द्यायचं होतं शुक्रवारी. तिने रोहित पक्षी घेतला होता, तळ्यात उभा. पाय आणि पाण्यातलं प्रतिबिंब राहिलं होतं. मी त्या दिवशी सीवूड्सला डॉक्टरांकडे गेलो होतो. जादा वेळ मागायची तर मागायची कोणाकडे?

तर दोन्ही गोष्टी केल्या. पासवर्ड बदलला, आणि तिला स्पष्ट सांगितलं की दुसऱ्याची किल्ली न विचारता घ्यायची नाही. ते तिला पटलं, कारण खाली मान घालून उभी होती. आणि परमिट सुरू केलं. कारखान्यात वर्क परमिटशिवाय पाना उचलत नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठ्यांएवढी पानं कापली. त्यावर तिने लिहायचं: काम काय, किती मिनिटं, आणि पुरं झालं म्हणजे काय झालं. सही घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाची. मी नसलो तरी अडणार नाही, वेळ वाढवायचा अधिकार सूनबाईच्या खात्यालाही दिला. आठवड्यात तीन परमिटं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या आठवड्यात तिने दोनच वापरली.

७ डिसेंबर, रविवार

अपडेट झाल्यावर मोठ्यांचा ब्राउझर मनूच्या खात्यात उघडायला लागला. तिनेच येऊन दाखवलं. कारण सापडलं: पॅकेज नव्याने बसलं की फाइलच्या परवानग्या मूळ पदावर येतात. नुसती परवानगी बदलून भागत नाही, ती पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीच्या स्टॅटओव्हरराइड यादीत नोंदवावी लागते, मग अपडेटनंतरही टिकते. नोंदवली. दर अपडेटनंतर मुलांच्या खात्यात जाऊन एकदा तपासायचं, हे पंचांगाशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

ती मला येऊन सांगते आहे, हे त्या परवानगीपेक्षा जास्त भरवशाचं आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केला. अक्षरांची मांडणी समजावली: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या. 'के'च्या बटणावर क आहे हे तिला फार आवडलं. तिचं नाव तीन बटणांत होतं, सी, व्ही, टी, तिन्ही डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या आसपास. मग 'बाबा', वाय-ई-वाय-ई. मग 'काका'. मग घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून प्रत्येकाचं नाव.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सोपी पद्धत आहे, चिरंजीव तीच वापरतो. मी तिला ही शिकवणार. तिने क हा क म्हणूनच शोधावा.

ओजूने ओ कुठे आहे विचारलं. बराच वेळ तेवढंच दाबत बसला. पूर्ण ओळभर ओ.

१८ डिसेंबर, गुरुवार. न सुटलेलं.

ओजू जेवताना मोबाइल मागतो आणि त्याला मिळतो. कॉम्प्युटरची वीस मिनिटं मी नीट बसवली, पण दोन्ही जेवणांची मिळून पाऊण तास मोबाइल होतो. हिचं म्हणणं, त्याशिवाय घास जात नाही. खरंही आहे, गेलं वर्षभर तशीच सवय लागली आहे. मी एकदा मोबाइल काढून घेतला तर तो उपाशी उठला आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा तसं करणार नाही.

सध्या एवढंच ठरलं: सकाळचं दूध मोबाइलशिवाय, गॅलरीत कबुतरं बघत. पाच दिवसांत तीनदा जमलं. रात्रीच्या जेवणाला अजून हात घातलेला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली. नाताळची सुट्टी. दोघांनाही विमान उडताना बघायचं होतं. माझ्या खात्यात, तिघं एका दिवाणावर, बातमीतले दोन तुकडे बघितले. "अजून एक" आलं नाही, कारण ओजू गॅलरीत पळाला होता खरं विमान दिसतंय का बघायला. तासभर तिथेच होता, आजीची शाल गुंडाळून.

११ जानेवारी २०२६, रविवार

पहाटे पामबीच रोडने टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या खाडीवर गेलो, मनू आणि मी. तिला तिच्या चित्रातला पक्षी दाखवायचा होता. आधी विश्वकोशात वाचून आली होती आणि वाटेत मला सांगत होती, की पिल्लं राखाडी असतात आणि खाण्यातल्या शेवाळाने पंखांना गुलाबी रंग चढतो. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, हे मी सांगितलं. रामसर म्हणजे काय हे तिने विचारलं आणि ते मला नीट सांगता आलं नाही. इराणमधलं गाव आहे, तिथे पाणथळ जागांचा करार झाला, एवढंच सांगितलं. घरी जाऊन बघू म्हणाली.

भरती चढत होती तसे पक्षी काठाकडे सरकत आले. दुर्बीण एकच, माझी जुनी. तिने माझ्या हातात फार वेळ येऊ दिली नाही.

घरी आल्यावर मागच्या आठवड्याचा पाचवा रकाना वाचला. दोघं मिळून बारा वेळा उठली. दोनदा वाद, दोन्ही वेळा ओजू, दोन्ही वेळा आजी देवळात गेलेली होती आणि वाती करायला कोणी नव्हतं. हे मनूने दाखवलं, मला दिसलं नव्हतं. आता रकाने तीच भरते.

मे महिन्याच्या सुट्टीत किती वेळ द्यायचा यावर एकमत नाही. सूनबाई म्हणते आहे तोच ठेवा. मला वाटतं सकाळचा अर्धा तास टायपिंगसाठी वेगळा असावा. बघू.

टेबलावर एक परमिट सहीसाठी पडलं आहे, टाइप केलेलं नाही, पेन्सिलने लिहिलेलं: "काम: रोहितची चोच. मी पूर्ण गुलाबी केली होती, टोक काळं पाहिजे. वीस मिनिटं. पुरं झालं म्हणजे: खऱ्यासारखी दिसली की."